सात नंबरचा पडाव आणि थर्झा मावशीची गाडी

मित्रांनो, शाळा सुटली की तुम्ही ज्या पालथ्या लाकडी पाठीवर चढता आणि घसरगुंडी करता, ती पाठ माझी आहे. तुम्हाला वाटतं, हे कुठल्या तरी गोठ्याचं पडलेलं छप्पर असेल. तसं नाही. मी एक जुना पडाव आहे, म्हणजे माल वाहायची बिनइंजिनाची होडी. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजातला माल धक्क्यावर आणायचा आणि धक्क्यावरचा माल जहाजापाशी पोचवायचा, हे माझं काम होतं. आता मी कुठेच जात नाही. गवतात पडून असतो, आणि माझ्या फटींतून कोंबड्या ये-जा करतात.

पाऊस आला की तुम्ही माझ्याखाली शिरता. तिथे वर बघितलं की एक काळा डाग दिसतो. परवा तुमच्यातली एक मुलगी म्हणाली, "इथे कुणीतरी चूल पेटवली होती." चूल नव्हे, बाळांनो. तो तेलाचा डाग आहे. त्याची गोष्ट सांगावी असं फार दिवस मनात होतं. गोष्ट सुखाची नाही, पण ती ऐकल्याशिवाय तुम्ही मोठे होऊ नये, असं मला वाटतं.

माझा जन्म याच धक्क्यामागच्या लांबट शेडमध्ये झाला. आपल्या नॉरफोक बेटावरच्याच झाडांच्या फळ्या, फळीवर फळीची कड चढवून तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या. मला बांधणारा सुतार तोंडात खिळे धरूनच बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं कुणाला कळत नसे. पण एक वाक्य तो खिळे काढून बोलला होता, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. तो म्हणाला, "याला फार देखणा करू नका. याला ओझी वाहायची आहेत." माझ्या कडेवर पांढऱ्या रंगानं सातचा आकडा घातला. माझ्याबरोबरच माझा जुळा भाऊ तयार झाला. तो आठ नंबरचा.

आपल्या बेटाला बंदर नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जहाज येतं, दूर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि वाट बघतं. मग लाँच आम्हा पडावांना दोरानं ओढत तिकडे नेई. पिठाची पोती, खिळे, औषधं, लग्नाचे कपडे, शाळेतला पियानो, सगळं माझ्या पोटातून बेटावर आलं. पण सगळ्यांत अवघड ओझं म्हणजे मोटारगाडी. गाडी एका पडावात मावत नाही, आणि मावली तरी त्याला उलटवून टाकते. म्हणून आम्हा दोघा भावांना कुशीला कुशी लावून दोरखंडांनी बांधत, वर आडव्या जाड फळ्या टाकत, आणि त्या फळ्यांवर गाडी उभी करत. अर्धा भार त्याच्यावर, अर्धा माझ्यावर. लाट आली की आम्ही एकमेकांच्या बरगड्यांवर आपटायचो. पण गाडी कधी पडू दिली नाही.

आमचा तांडेल होता आयझॅक. मागच्या टोकाला उभा राहून लांब वल्ह्यानं तो आम्हाला वळवायचा. बेटावर त्याला आयझॅक म्हणून कुणी ओळखत नसे. टेलिफोनच्या पुस्तकातसुद्धा त्याचं टोपणनावच छापलेलं होतं: लंगर, म्हणजे जहाजाचा नांगर. एकदा कुणाच्या घरी बसला की उठायचा नाही, म्हणून लंगर. कामात मात्र तो फार कडक होता. नव्या खलाशांना तो दोनच गोष्टी शिकवायचा. पहिली अशी: "सामान बुडालं तर ते समुद्राचं. माणूस बुडालं तर ते आपलं." आणि दुसरी: "धक्क्यावरून कुणी एक हात वर केला तर तो रामराम. दोन्ही हात वर केले तर थांबा. आधी थांबा, मग का ते विचारा."

एका ऑगस्टमध्ये आयझॅकनं स्वतःसाठी गाडी मागवली. फिकट पिवळी, लहानशी. ती आम्ही दोघांनीच आणली. त्या दिवशी त्याची नजर वल्ह्यापेक्षा गाडीवरच जास्त होती. धक्क्यावर त्याची बायको थर्झा उभी होती, आणि तिचं बोट धरून तिच्या बहिणीचा लहानगा पार्किन.

"अरे, पिवळी का आणलीस?" थर्झा वरून ओरडली. "लोण्याच्या गोळ्यासारखी दिसते!"

"मग सावलीत ठेव, वितळेल," आयझॅकनं खालून उत्तर दिलं. सगळा धक्का हसला.

यारीनं, म्हणजे धक्क्यावरच्या क्रेननं, गाडी वर उचलली तेव्हा तिच्या चाकांवरचं समुद्राचं पाणी माझ्यावर टपटपलं. मला वाटलं, मी आज काहीतरी शहाणपणाचं काम केलं. त्या काळी मी आणलेली प्रत्येक गाडी मला अशीच वाटायची. तिचं पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं.

पुढे काय होतं ते सांगतो. बेटावर गाडी येते ती कायमचीच येते. खारा वारा तिला खातो. आधी दारांच्या कडा, मग तळ. एक दिवस ती चालेनाशी होते, आणि मग कुणाच्या तरी केळीच्या बागेत उभी राहते. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. फारच अडचण झाली, तर पूर्वी तिला पश्चिमेच्या कड्यावरून समुद्रात ढकलून देत. मी खाली पाण्यात असताना एकदोनदा तो आवाज ऐकला आहे. आधी खडकांवर आपटल्याचा, मग पाण्याचा, मग काहीच नाही. त्या गाड्या मीच आणलेल्या होत्या.

आयझॅक एका हिवाळ्यात गेला. छातीत कफ झाला, आठ दिवस अंथरुणावर होता, नवव्या दिवशी गेला. खलाशांनी त्याला खांद्यावर नेलं. त्या दिवशी जहाज आलेलं असूनही कुणी काम केलं नाही. कप्तानानं भोंगा वाजवला, तरी कुणी वळून पाहिलं नाही.

आयझॅकच्या जागी पार्किन तांडेल झाला. होय, तोच लहानगा. आता तो सहा फुटी गडी झाला होता. आणि थर्झा सगळ्या बेटाची थर्झा मावशी झाली होती.

मावशीला मूल नव्हतं. तिच्याकडे घर होतं, केळीची बाग होती, आणि ती पिवळी गाडी होती. गाडीचा पिवळा रंग केव्हाच उडून ती मळक्या दुधाच्या रंगाची झाली होती. डाव्या बाजूचं पुढचं स्प्रिंग बसलं होतं, त्यामुळे ती चालताना एका खांद्यानं वाकलेली दिसे. चालवणाऱ्याच्या जागी आयझॅकच्या बसण्यानं एक खळगा पडला होता. मावशी बुटकी. त्या खळग्यात बसली की तिला जेमतेम समोरचं दिसे. लोक म्हणत, "मावशी, एखादी उशी घे की खाली."

मावशी म्हणायची, "उशी कशाला? मी त्याच्या मांडीवर बसून चालवते."

आता तुम्हाला आपल्या बेटाची रीत माहीतच आहे. रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात वर करायचा. ओळखीचा असो, नसो. भांडण झालेलं असो, तरीही. मावशीची नजर अधू झाली तेव्हा समोरून कोण येतं ते तिला दिसेना. मग तिनं सोपा उपाय काढला. ती घरून निघतानाच हात वर करायची आणि पोचेपर्यंत खाली घ्यायची नाही. लोक तिची वाकडी गाडी लांबूनच ओळखत आणि रस्त्याकडेला थांबून तिला वाट देत. गाईसुद्धा देत, असं पार्किन म्हणायचा. आणि गाई आपल्या बेटावर कुणालाच वाट देत नाहीत.

डॉक्टरांनी मावशीला सांगून ठेवलं होतं, "ही गाडी आहे तोवर चालवा. लोकांना ती ओळखीची आहे, म्हणून निभावतं. दुसरी मात्र घ्यायची नाही." म्हणजे बघा, ती गाडी गेली की मावशीचं स्वतःच्या मनानं कुठे जाणं संपणार होतं. बाजार, कबरस्तान, धक्का, सगळं दुसऱ्याच्या मर्जीवर येणार होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलासुद्धा.

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी मेलेल्या गाड्या बाहेर पाठवायचं ठरलं. बेटावर माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या होत्या. समुद्रात ढकलणं बंद झालं होतं, आणि ते बरंच झालं. जहाज भरलेलं येतं आणि रिकामं परत जातं, तर जाताना त्यात मेलेल्या गाड्या भराव्यात, पलीकडे मोठ्या देशात त्या यंत्रात दाबून वितळवतात, असं कुणीतरी सुचवलं. लोक म्हणाले, "चला, आपलं बेटसुद्धा गाड्या निर्यात करायला लागलं!" आणि खूप हसले.

मला हसू आलं नाही. ज्या गाड्या मी नवरीसारख्या आणल्या होत्या, त्यांना मीच आता परत न्यायचं होतं. धक्क्याजवळच्या हिरवळीवर त्या एका ओळीत उभ्या करत. पाठवायच्या गाडीच्या पुढच्या काचेवर चुन्यानं पांढरी फुली मारत. बॅटरी, तेल, पेट्रोल काढून घेत. पहिल्या खेपेला एका गाडीचं दार गळून समुद्रात पडलं, तेव्हापासून प्रत्येक गाडी उचलण्याआधी जुन्या शिडाच्या कापडात पुरती गुंडाळून बांधायची, असा नियम झाला. पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं यारीवरून हळूहळू माझ्यावर उतरायचं. ते कशासारखं दिसायचं, हे मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

पहिल्याच महिन्यात मावशीला विचारायला माणूस गेला. मावशीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. त्यानंतरच्या जहाजाच्या दिवशी ती पार्किनला म्हणाली, "पार्किन, माझ्या गाडीवर डोळा ठेवलाय त्यांनी."

"ठेवू दे. मी बसलोय ना!" पार्किननं माझ्या कडेवर हात आपटला. "मावशी, तुझी गाडी माझ्या पडावावर चढणार नाही. शब्द देतो."

"आयझॅकच्या वल्ह्यावर हात ठेवून सांग."

त्यानं वल्ह्यावर हात ठेवून सांगितलं. मी साक्षीला होतो.

"पण मावशी," तो पुढे म्हणाला, "ती काचेवरची पट्टी काढ बाई. फुली मारल्यासारखी दिसते."

झालं होतं असं, की एक दगड उडून मावशीच्या गाडीची पुढची काच तडकली होती. नवी काच मागवली, तर जहाजानं आली ती दुसऱ्याच गाडीची. मग मावशीनं तड्यावर रुंद पांढरी चिकटपट्टी लावली, आणि जास्त मजबूत व्हावं म्हणून तिच्यावर आडवी दुसरी.

"पट्टी काढली तर काच मांडीत येईल," मावशी म्हणाली. "आणि इथे कुणाला माझी गाडी ओळखू येत नाही, सांग बघू?"

खरंच होतं ते. बेटावर तसं कुणीच नव्हतं. तोपर्यंत तरी.

तो दिवस सप्टेंबरचा. सकाळी समुद्र पाटासारखा सपाट होता, पण दुपारनंतर दक्षिणेकडून लाटा फुगणार, असं सगळे म्हणत होते. अकरा गाड्या पाठवायच्या होत्या. एका खेपेला एक, म्हणजे अकरा खेपा. सगळ्यांना घाई झाली होती.

धक्क्यावर ब्रेट नावाचा एक नवा माणूस होता. मोठ्या देशातून तीन आठवड्यांपूर्वीच आलेला. कष्टाळू, कमी बोलणारा, कुणी काम सांगायच्या आत करून मोकळा होणारा. आपल्याला इथे कुणी परकं समजू नये, म्हणून तो सगळ्यांपेक्षा जास्त राबायचा. गाड्या गुंडाळायचं आणि ट्रॅक्टरनं ओढून यारीखाली आणायचं काम त्याच्याकडे होतं.

दुपारी मावशी आली. जहाजाच्या दिवशी ती नेहमीच यायची. किसलेली केळी भाजून केलेल्या वड्या, आपण ज्याला पिल्ही म्हणतो, त्यांचा मोठा ट्रे घेऊन. आयझॅक असताना आणायची, तो गेल्यावरही आणणं सोडलं नाही. तिची नेहमीची जागा ट्रकनं अडवली होती, म्हणून तिनं गाडी हिरवळीवर लावली. त्या ओळीच्या टोकाला. किल्ली आत तशीच. आपल्याकडे किल्ली कोण काढतं? मेलेल्या गाड्यांमध्येसुद्धा किल्ल्या तशाच होत्या.

"या रे पोरांनो, गरम आहे!" मावशीनं हाक मारली आणि सगळे शेडमध्ये गेले. पार्किन पडाव सोडून वर जात नसे, म्हणून त्याच्या वाट्याच्या दोन वड्या तिनं दोरीला बांधलेल्या डब्यातून खाली सोडल्या.

"मावशी, दोनच?"

"तुझं पोट बघ आधी. पडाव बुडेल."

ब्रेट मात्र गेला नाही. त्याला वाटलं, लाटा फुगायच्या आत काम उरकावं. दहा गाड्या गेल्या होत्या, एक राहिली होती. आणि ओळीच्या टोकाला एक मळकी, एका बाजूला कललेली, काचेवर पांढरी फुली असलेली गाडी उभी होती. खरी अकरावी गाडी तिच्या पलीकडे होती. तिच्या काचेवरचा चुना सकाळच्या दवानं ओघळला होता. ब्रेटनं मावशीच्या गाडीला कापड गुंडाळलं. इंजीन कोमट लागलं असेल, पण ऊनही होतं. लोक तोंड पुसत बाहेर आले तेव्हा पांढरं गाठोडं यारीखाली तयार होतं.

"शाबास रे!" कुणीतरी म्हणालं, आणि यारी फिरली.

मित्रांनो, ती माझ्यावर टेकली त्या क्षणी मी तिला ओळखलं. मेलेली गाडी पोकळ असते. हिला वजन होतं. डावा खांदा वाकलेला होता, तो माझ्याच बाजूला आला होता. एकतीस वर्षांपूर्वी ती अशीच माझ्या बरगडीवर उभी राहिली होती. कापडातून ऊब येत होती. फळ्यांच्या फटीतून कोमट तेलाचा एक थेंब माझ्या तळावर पडला. मग दुसरा. मग तिसरा.

मी कण्हलो. लाकडाला जेवढं कण्हता येतं तेवढं कण्हलो.

"हा सात नंबर आज असा का कुरकुरतोय?" पार्किनचा सोबती म्हणाला. त्याचं नाव चिमटा.

"म्हातारा झालाय," पार्किन म्हणाला. त्यानं वल्ह्यानं ढकललं, आणि लाँचनं आम्हाला ओढायला सुरुवात केली.

मावशी शेडमध्ये ट्रे धूत होती. ती बाहेर आली तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर होतो. हिरवळीवर तिला एक गाडी दिसली, चुन्याची फुली ओघळलेली. आपली दिसली नाही. नजर अधू असली तरी एवढं तिला समजलं. ती धक्क्याच्या टोकापर्यंत धावत आली. तिला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. टोकाला उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले आणि हलवू लागली.

लाँचचं इंजीन धडधडत होतं, वारा तोंडावर होता. तिचा आवाज आमच्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. फक्त हात दिसत होते.

"बघ, मावशी," चिमटा म्हणाला. "गाड्यांना निरोप देतेय!"

पार्किननं मागे वळून पाहिलं. त्याला हसू आलं. त्यानं आपला हात उंच वर केला, अगदी मनापासून. चिमट्यानंही केला. लाँचवरच्या माणसानंही केला. मावशी आणखी जोरानं हात हलवू लागली. तिच्या एका हातात ट्रे पुसायचं फडकं होतं, तेही हलत होतं. मग पार्किननं डोक्यावरची टोपी काढली आणि टोपी हलवली.

तिच्या माणसांवर तिची माया होती, त्यांची तिच्यावर होती. सगळं बरोबर होतं. फक्त, दोन्ही हात वर म्हणजे थांबा, हे शिकलेला माणूसच ते विसरला होता. मावशीच्या हातांत त्याला इशारा दिसला नाही, मायाच दिसली.

आम्ही जहाजापाशी पोचेपर्यंत समुद्र फुगायला लागला होता. जहाजाच्या यारीनं गाठोडं उचललं आणि वर नेलं. माझ्यावरचा भार गेला. एवढं हलकं मला कधी वाटलं नाही, आणि इतकं वाईटही. तेवढ्यात कप्तान कठड्यावरून वाकला. धक्क्यावरून रेडिओवर निरोप आला होता.

"अरे, ही शेवटची गाडी कुणा बाईची आहे म्हणतात! चालती गाडी!"

पार्किननं वर पाहिलं. "कापड सोडून बघा," तो म्हणाला. वरच्यांनी एक कोपरा उचलला. पार्किनला खालून काय दिसलं असेल ते असो.

तो ओरडला, "खाली सोडा! आत्ताच्या आत्ता खाली सोडा!"

"लाटा बघतोयस ना?" कप्तान म्हणाला. "मला नांगर उचलायचाय. सोडतो, पण तुझ्या जबाबदारीवर."

"माझ्या जबाबदारीवर! सोडा!"

गाडी पुन्हा हवेत आली. आणि लाटा माणसासाठी थांबत नाहीत. एका लाटेनं आम्हाला वर फेकलं, दुसरीनं खाली आपटलं. मी आणि माझा भाऊ एकमेकांवर असे आदळलो की त्याची एक फळी तडकली. आम्हाला बांधणारा पुढचा दोरखंड तुटला. चिमटा घसरला आणि आम्हा दोघांच्या मधल्या फटीत कमरेपर्यंत गेला. दुसरी लाट आली असती तर आमच्याच कुशींनी त्याला चिरडलं असतं. पार्किननं त्याला कॉलर धरून ओढून काढलं. वर ती गाडी घड्याळाच्या लंबकासारखी झुलत होती.

"अजून थोडी खाली!" पार्किन ओरडला.

तेवढ्यात लाँचवरचा रेडिओ खरखरला. मावशीचा आवाज होता. शेडमधल्या रेडिओवर ती पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून फार मोठ्यानं बोलत होती.

"पार्किन! परत ये."

पार्किननं लाँचकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "तिला सांग, आणतो! आणतोच!"

"तो काय म्हणतोय ते मला सांगू नका," मावशी म्हणाली. "तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे. त्याला सांगा, सामान बुडालं तर ते समुद्राचं. गाडी लोखंडाची आहे म्हणावं, तू माझ्या बहिणीचा आहेस. परत ये."

पार्किन वर बघत राहिला. मग त्यानं दोन्ही हात वर केले. थांबा. यारी थांबली. गाडी वर गेली आणि जहाजाच्या पोटात दिसेनाशी झाली.

आम्ही परत आलो. मावशी पुन्हा धक्क्याच्या टोकाला येऊन उभी होती. तिच्या शेजारी ब्रेट उभा होता, मान खाली घालून. "किल्ली आतच होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "फुली होती. किल्ली आतच होती."

"आमच्याकडे किल्ली आतच असते रे बाळा," मावशी म्हणाली. "तुला कोण सांगणार?" मग तिनं ट्रेच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली एक वडी त्याच्या हातावर ठेवली. "तू खाल्लंच नाहीस."

ब्रेट ती वडी हातात घेऊन रडला.

पार्किन पायऱ्या चढून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "मावशी, मी शब्द दिला होता."

"दिला होतास."

"मला वाटलं, तू निरोप देतेस."

मावशीनं हातातल्या फडक्याची घडी घातली. "मी हात हलवत होते आणि तू हात हलवत होतास," ती म्हणाली. "मी मनात म्हटलं, हे लेकरू किती खुशीत आहे." आणि ती चालत घरी निघाली. चार गाड्या तिच्यापाशी थांबल्या. ती एकीतही बसली नाही.

ही गाडी वेगळी ठेवा, असं पलीकडे सांगायचं कप्तानानं कबूल केलं होतं. पण माल उतरवून तो बोलायला पोचला तेव्हा अकराही गाड्या यंत्राखाली गेल्या होत्या. पुढच्या जहाजानं एक पाकीट आलं. त्यात गाडीची किल्ली होती. कुणीतरी आठवणीनं काढून ठेवलेली. पार्किन ती द्यायला गेला तेव्हा मावशी म्हणाली, "खुंटीला लाव." आपल्याकडे किल्ली कधी खुंटीला लागत नाही. त्या घरात ती तेवढीच लागली.

त्यानंतर मावशी पाच वर्षं जगली. जहाजाच्या दिवशी चालत यायची, दोन ठिकाणी बसून दम घेत. ट्रे आणणं तिला झेपेना, मग एका डब्यात मावेल एवढंच आणायची. पार्किन पहिल्यासारखा हसरा राहिला नाही. पण रस्त्यात कुणी हात वर केला की तो हात वर करून पुढे जात नसे. तो गाडी थांबवायचा, काच खाली करायचा आणि विचारायचा, "काही हवंय का?" लोक आधी वैतागले. एक जण म्हणाला, "अरे बाबा, नुसता रामराम केला!" तरी तो विचारतच राहिला. एकदा एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "हो. हवंय." आणि त्याला दवाखान्यात न्यावं लागलं.

एका संध्याकाळी मावशी धक्क्याखाली आली, पार्किनचा हात धरून. मला तेव्हा वाळूवर ओढून ठेवलेलं होतं. तिनं वाकून माझ्या तळाशी हात फिरवला. चाचपडत, कारण आता तिला दिसत नव्हतं. हात डागावर आला तसा थांबला. बोटांचा वास घेऊन ती म्हणाली, "अजून ओला आहे." तेल लाकडात मुरलं की लवकर वाळत नाही, एवढंच ते. पण पार्किननं तसं सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नसतं.

नंतर मोठा लोखंडी तराफा आला. तो एकटाच दोन-दोन गाड्या नेतो. माझ्या भावाची तडकलेली फळी कुणी बदलली नाही. तो उघड्यावर कुजला, आणि एका थंडीत त्याचं सरपण झालं. मला पार्किननं इथे आणून पालथं घातलं. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्यानं माझी पाठ एकदा रंगवली, पण आतून रंगवायला कुणाला हात लावू दिला नाही.

मित्रांनो, माझं लाकूड आता फार दिवसांचं नाही. मला डांबर लावा असं मी म्हणणार नाही. लावलंत तर बरं वाटेल. माझ्या पाठीवर नाचा, घसरा, काही हरकत नाही. एवढंच मागतो, की समोरून कुणी हात वर केला, तर आपला हात वर करण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. आणि दोन्ही हात वर दिसले, तर माणूस कितीही ओळखीचा, कितीही मायेचा असला, तरी आधी थांबा.

पाऊस येतोय. या, आत या. डोकं सांभाळा. वर डाग आहे, त्याला हात लावलात तरी चालेल. आता तो वाळला आहे.